फुलचंदची सही

दारव्ह्याच्या अलीकडं सडक सोडून आत वळलं की एक तांडा लागतो. तिथल्या फुलचंद राठोडनं ज्याला ‘नाही’ म्हटलं असा माणूस मागच्या पौषापर्यंत कुणाला दाखवता आला नसता. आता तसे तीन आहेत. तिघांनीही ते एकाच दिवशी ऐकलं, आणि तिघांनाही पचवायला वेळ लागला.

फुलचंदचा शब्द ठरलेला. घरी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत ‘सही छ’, कामावर वऱ्हाडीत ‘सही हाय’, आणि बँकेत नुसती मान. समोरच्यानं वाक्य संपवलं रे संपवलं, की याचा शब्द बाहेर. बांधावरून भांडणारे दोन चुलतभाऊ एकदा एकाच सकाळी त्याच्याकडं येऊन गेले. पहिला म्हणाला, बोरीचं झाड माझ्या हद्दीत आहे. ‘सही हाय.’ दुसरा म्हणाला, झाड माझ्या हद्दीत आहे. ‘सही हाय.’ दोघंही समाधानानं घरी गेले आणि दुपारी त्याच बोरीखाली एकमेकांची गचांडी धरून उभे राहिले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तिन्ही उमेदवार फुलचंदचं मत आपल्यालाच पडणार म्हणून निर्धास्त होते.

यात लबाडी नव्हती बरं का. समोरचा बोलत असताना फुलचंदला त्याचं म्हणणं खरोखर पटायचं. अडचण एवढीच, की पुढचा बोलायला लागला की त्याचंही पटायचं.

त्याचं लग्नसुद्धा असंच झालं, असं त्याची बायको भुरीबाई स्वतःच सांगते. बावीस वर्षांपूर्वी फुलचंद काकाबरोबर घाटंजीकडच्या तिच्या तांड्यात बकरी पाहायला गेला होता. बकरी काकाला पसंत पडली नाही, पण जेवायची वेळ झाली म्हणून थांबले. भुरीबाईच्या बापानं विचारलं, “पोरीच्या हातची भाजी कशी काय?” फुलचंद म्हणाला, “सही हाय.” बाप म्हणाला, “पोरगी बी तशीच हाय.” फुलचंद म्हणाला, “सही हाय.” तासाभरात तांड्यात गूळ वाटला गेला. काका बकरी पाहायला आला होता आणि सून ठरवून गेला.

“यायले नाई म्हनता येत असतं, तं मी आज दुसऱ्याच कोनाच्या चुलीपाशी असती,” असं भुरीबाई बायकांमध्ये सांगायची. सगळ्या हसायच्या. फुलचंदही हसायचा आणि म्हणायचा, “सही हाय.” त्याचं हे एवढं एक ‘सही हाय’ मात्र भुरीबाईला कधी आवडलं नाही. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

कापूस निघाला की फुलचंद दारव्हा रोडवरच्या एका जिनिंगात कामाला जातो. कापसातून सरकी वेगळी करायची, रुई दाबायची, गाठ बांधून बाहेर काढायची, असं तिथलं काम. फुलचंद गाठी बांधतो. एकोणीस हंगाम झाले. हंगाम संपला की सगळ्यांना घरी पाठवतात, आणि पुढच्या दिवाळीत मॅनेजर देवराव फाटकावर नावांची यादी लावतात. नाव असेल तो आत. नसेल त्यानं ‘काहून नाई’ असं विचारायचं नाही. फुलचंदचं नाव दर वर्षी पहिलं, कारण देवरावांच्या मते जिनिंगात त्याच्याइतका समजूतदार माणूस नव्हता. तसं त्यांनी एकदा त्याला बोलूनही दाखवलं होतं, आणि फुलचंदनं उत्तरही दिलं होतं. काय दिलं असेल ते सांगायला नको.

मागच्या पौषात कापूस निवडणाऱ्या खैरुनबीचं बोट मशीनच्या पट्ट्यात गेलं. नख गेलं, बोट थोडक्यात वाचलं. रक्त वाहत होतं म्हणून कुणीतरी पळत जाऊन प्रथमोपचाराची पेटी आणली. पेटीत मच्छर अगरबत्तीचं अर्धं वेटोळं, दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर आणि एक पाना निघाला. तो पाना फिटर हबीबभाई मागच्या हंगामापासून शोधत होता. एरवी त्याला आनंद झाला असता. त्या दिवशी त्यानं पाना खिशात टाकला, स्वतःच्या गळ्यातल्या रुमालानं खैरुनबीचं बोट बांधलं, तिला मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं, आणि परत आला तो डोक्यात संघटना घेऊनच.

हबीबभाई बोलायला लागला की मशीन बंद करावी लागते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो सभासद व्हायचे अर्ज घेऊन बसला. “अठरा-वीस वर्षं काम करून राह्यलो आपन,” तो म्हणाला, “अन् दर दिवाळीले फाटकावर नाव पाहाले उभे. तोंडाले बांधाले फडकं नाई, पेटीत पट्टी नाई. एकट्यानं मांगतलं तं तो एकटा घरी. सगळ्यायनं मांगतलं तं ऐकावंच लागन. काय फुलचंदभाऊ?”

“सही हाय,” फुलचंद म्हणाला आणि डब्याचं झाकण लावून हात धुवायला गेला.

आता आपल्या मराठीचा घोळ असा, की सही म्हणजे कागदावर करतात ती. आणि हिंदीतून आमच्याकडं मुक्कामाला आली ती सही म्हणजे बरोबर. दोघी एकाच नावानं एकाच घरात नांदतात. एरवी काही बिघडत नाही. पण तांड्यातला एकजण हबीबभाईला विचारायला आला, “फुलचंदभाऊचं काय?” आणि कामात असलेला हबीबभाई मान वर न करता म्हणाला, “त्यायचं सही हाय.” विचारणाऱ्यानं पुढच्याला सांगितलं, “फुलचंदभाऊची सही हाय.” फुलचंदनं सही केली म्हणजे विचार करूनच केली असणार, असं म्हणून तांड्यातल्या चौदा जणांनी संध्याकाळपर्यंत अर्ज भरले. फुलचंद त्या वेळी गाठी बांधत होता.

दुसऱ्या दिवशी देवरावांनी त्याला ऑफिसात बोलावलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा खुर्ची दिली. बशीत चिवडा, कपात चहा. फुलचंद खुर्चीच्या टोकावर बसला, पूर्ण बसायची त्याला भीती वाटली.

“पाह्य फुलचंद,” देवराव म्हणाले, “संघटना म्हनजे भाईरच्या लोकायची लुडबूड. आपन इथं एका घरचे मानसं.”

“सही हाय, सायेब.”

देवरावांचा कप ओठापाशी थांबला. त्यांच्या कानावर सकाळपासून एकच गोष्ट येत होती, आणि आता तीच याच्या तोंडून.

“म्हनजे सही हाय?”

“सही हाय, सायेब.”

“हबीबच्या अर्जावर तुही सही हाय, अन् हे तू माह्या तोंडावर सांगून राह्यला?”

तेव्हा कुठं फुलचंदच्या लक्षात आलं, की साहेब कोणत्या सहीबद्दल बोलत आहेत. आपण सही केलेली नाही हे सांगायचं तर ‘सही नाई’ म्हणावं लागणार. आणि साहेबांचं बोलणं संपल्यावर ‘सही नाई’ म्हणायचं म्हणजे तुमचं चुकतंय असं साहेबांना सांगायचं. ‘हाय’ म्हटलं तरी गेला, ‘नाई’ म्हटलं तरी गेला. त्यानं चिवड्याकडं पाहिलं.

देवरावांना तेवढ्यानं खात्री पटली. त्यांनी टाइप केलेला एक कागद पुढं सरकवला. मी कोणत्याही संघटनेचा सभासद नाही व पुढेही होणार नाही, असं त्यावर होतं, आणि खाली एक रिकामी रेघ. “उद्या अकरा वाजेपर्यंत याच्यावर सही कर. पुढच्या हंगामाची यादी मीच लिहितो, तुले मालूम हाय. अन् गाठीवर एक मुकादम बी लागनार हाय. तुह्या नावाचा इचार करून राह्यलो होतो.” मग जरा हसून म्हणाले, “चिवडा घे न.”

फुलचंदनं चिवडा घेतला. तो त्याला गिळता आला नाही, तसाच गालात धरून तो हबीबभाईच्या वर्कशॉपमध्ये गेला.

“हबीबभाई, माही सही हाय असं तू काहून सांगतलं?”

“तूच म्हनला न?”

“मी तुह्या बोलन्याले म्हनलं. कागदाले कुठं म्हनलं?”

हबीबभाईनं अर्जांचा गठ्ठा काढून चाळला. फुलचंदसाठी वेगळा काढून ठेवलेला अर्ज कोरा होता. त्यानं तो उलटा करून पाहिला, मागेही कोरा. “या अल्ला,” तो हळूच म्हणाला, “चौदा जन तुह्या नावानं भरून गेले न बाप्पा.” थोडा वेळ तो हातातला पाना नुसताच फिरवत राहिला. मग त्यानं खिशातून घडी घातलेलं एक पत्रक काढलं. कामगारांच्या हक्कांचं होतं. “हे घेऊन जाय. मालकाले काय करता येत नाई ते सारं याच्यात हाय. वाच आरामशीर.”

आरामशीरच वाचावं लागणार होतं. फुलचंद मोठेपणी रात्रशाळेत अक्षरं शिकला होता. सही मात्र झोकदार करायचा. नाव लिहून झालं की खाली एक लांब रेघ ओढायचा, ती कधीकधी बँकेच्या चौकटीबाहेर जायची. संध्याकाळी तांड्याकडं जाणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये माणसांच्या दाटीत बसून त्यानं पत्रक उघडलं आणि ओठ हलवत वाचायला लागला. ‘संघटनेत सामील होणे अथवा न होणे हा प्रत्येक कामगाराचा स्वतःचा निर्णय आहे.’ हे त्यानं तीनदा वाचलं. पुढं होतं, ‘त्याबाबत मालकाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने धमकी देऊ नये, आमिष दाखवू नये.’ धमकी त्याला कळली. आमिष अडलं. शेजारी कॉलेजची एक मुलगी मांडीवर दप्तर घेऊन बसली होती, तिला त्यानं विचारलं.

“काका, मासे धराले गळाले लावते न, ते आमिष.”

फुलचंदला मुकादमकी आठवली. मग चिवडाही आठवला. एवढा वेळ गालात धरलेला शेवटचा शेंगदाणा त्यानं जीपबाहेर थुंकला.

पत्रकाच्या मागच्या पानावरही मजकूर होता. जीप तांड्याच्या वळणाला येईस्तोवर त्यानं तोही वाचला. वाचून झाल्यावर त्याला चमत्कारिक वाटलं. एवढं वाचलं आणि समोर कुणीच नव्हतं ज्याला ‘सही हाय’ म्हणता येईल. स्वतःचा निर्णय म्हणजे स्वतःलाच विचारायचं, आणि स्वतःनंच काहीतरी सांगायचं. हे काम त्यानं कधी केलेलं नव्हतं.

म्हणून घरी जाऊन ते त्यानं भुरीबाईवर ढकललं. दोघंजण बोलत होते गोरबोलीत, पण आपल्या सोयीसाठी वऱ्हाडीत सांगतो.

त्यानं सगळं सांगितलं. खैरुनबीचं बोट, चौदा अर्ज, खुर्ची, कागद, अकरा वाजता. भुरीबाई तुरीच्या शेंगा सोलत ऐकत होती. सांगून झाल्यावर तो वाट पाहत बसला. शेवटी तोच म्हणाला, “तू म्हनते ते सही हाय.”

“मी काही म्हनलंच नाई अजून.”

“मंग म्हन न.”

“नाई म्हनत,” भुरीबाई म्हणाली. “मी म्हनलं का तुमी मान हालवसान. उद्या कोनी इचारलं तं सांगसान, भुरीनं सांगतलं. अन् नाव कटलं तरी भुरीनं सांगतलं. तुमाले काय वाटते?”

बावीस वर्षांच्या संसारात हे कुणी फुलचंदला विचारलं नव्हतं. त्यात कुणाची चूक नव्हती. उत्तर आधीच माहीत असेल तर विचारतो कोण? तो उठून अंगणात गेला, बैलांना पाणी दाखवलं. पुन्हा आला. पुन्हा गेला आणि त्याच बैलांना परत पाणी दाखवलं. बैलांनी तोंड फिरवलं. तेवढं त्यांना सहज जमत होतं, हे पाहून त्याला बैलांचा हेवा वाटला.

पण खरी भीती अजून जागच्या जागी होती, आणि तिची थट्टा करता येत नाही. कोरडवाहू तीन एकरांवर घर चालत नाही. जिनिंगाचे सहा महिने होते म्हणून चूल पेटत होती, आणि ते सहा महिने देवरावांच्या बॉलपेनात होते. फुलचंद भित्रा नव्हता. त्याला फक्त आपल्या घराची माहिती होती.

दुसऱ्या दिवशी अकराला तो ऑफिसात गेला. बाहेर दारापाशी दहा-बाराजण उगाच काहीतरी उचलत-ठेवत उभे होते. या वेळी खुर्ची दिली नाही. कागद टेबलावर होता, त्यावर पेन आडवं ठेवलेलं.

“हं, बोल,” देवराव म्हणाले. “त्यायच्या अर्जावर तुही सही हाय का नाई, ते आधी सांग. अन् मंग याच्यावर कर.”

फुलचंदच्या तोंडात जुना शब्द येऊन बसला होता, तो त्यानं मागं ढकलला.

“नाई, सायेब.”

“नाई म्हनजे? सही नाई?”

“नाई म्हनजे सांगत नाई,” फुलचंद म्हणाला. “हे तुमी मले इचाराचं नसते. अन् मी हे लिहून देनार नाई. संघटनेत जावं का नाई जावं, हे माहं मी ठरवीन. ते पत्रकात लिहिलं हाय, सायेब. धमकी द्याची नाई, आमिष दाखवाचं नाई. अन् चिवडा चांगला होता, त्याच्याबद्दल माही तक्रार नाई.”

दाराबाहेर कुणाच्या तरी हातातलं टोपलं पडलं. देवरावांनी चष्मा काढून पुसला. समोर फुलचंदच आहे का, हे बहुधा त्यांना नीट पाहायचं होतं. एकोणीस वर्षं ज्या भिंतीला टेकून बसले ती भिंत बोलायला लागली होती. कागद त्यांनी खणात टाकला आणि म्हणाले, “जाय, कामाले लाग.”

बाहेर हबीबभाई अर्ज आणि पेन घेऊन हजर. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी. “वा रे माह्या वाघा. आन, आता इथं कर.”

“नाई,” फुलचंद म्हणाला.

हबीबभाईचा हात तसाच राहिला.

“आज नाई. इचार करून राह्यलो. झाला का मी येईन.” मग त्यानं खिशातून पत्रक काढलं. “मागचं पान वाचलं का तू?”

हबीबभाईनं मागचं पान वाचलेलं नव्हतं. मालकाचं पान वाचूनच त्याचं मन भरलं होतं. आता उभ्या उभ्या वाचलं. संघटनेनेही कुणा कामगारावर सभासद होण्यासाठी जबरदस्ती करू नये, दबाव आणू नये, असं तिथं होतं. दुसऱ्याच्या नावानं सह्या गोळा करण्याबद्दल स्पष्ट काही नव्हतं, पण हबीबभाईला ते वाचता आलं. त्यानं कान पकडले. “सही हाय, भाऊ,” तो म्हणाला.

त्याच दुपारी फुलचंद तांड्याच्या चौदाही जणांकडं फिरला. “माही सही नव्हती. तुमचं तुमी पाहा,” असं एकेकाला सांगितलं. ते त्याच्यावर चांगलेच रागावले, कारण आता त्यांनाही विचार करणं भाग होतं. तिघांनी अर्ज परत घेतले. त्यातल्या एकानं आठ दिवसांनी पुन्हा दिला.

पुढचंही इथंच सांगून टाकतो. संघटना उभी राहिली. पेटीत आता पट्टी, कापूस, औषध आहे, आणि किल्ली खैरुनबीकडं. देवरावांना सुपारी कातरताना लागलं तेव्हा तिनं कुठं लागलं, कसं लागलं हे विचारूनच पेटी उघडली. दिवाळीत यादी लागली तेव्हा फुलचंदचं नाव होतं, फक्त पहिलं नव्हतं, अगदी शेवटचं होतं. ते सापडेपर्यंत त्यानं अख्खी यादी वाचली, आणि ज्यांच्याबरोबर एकोणीस वर्षं काम केलं त्यांची आडनावं त्याला पहिल्यांदा कळली. त्यानं स्वतः अर्ज भरला का? एका बाजाराच्या दिवशी तो हबीबभाईकडं गेला, वर्गणी कोण सांभाळणार, बायकांमधून कमिटीत कोण, असे दोन-चार प्रश्न विचारले, आणि परत आला. पुढचं त्या दोघांना माहीत. तुम्हाला विचारावंसं वाटत असेल. देवरावांनाही वाटलं होतं.

पण त्या दिवशीची संध्याकाळ राहिली.

भुरीबाई चुलीवर भाकरी टाकत होती. फुलचंद हातपाय धुऊन बाजूला येऊन बसला. तिनं विचारलं, “केली का सही?”

“नाई सांगत.”

भुरीबाईच्या हातातली भाकर हातातच राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता, तुमाले काय वाटते असं कालच तर तिनं विचारलं होतं. झालाही थोडा.

“मले बी नाई?”

“कोनालेच नाई.”

“म्हनजे येते तुमाले नाई म्हनता.” तिनं भाकर तव्यावर टाकली. मग त्याच्याकडं न पाहता, जाळ सारत म्हणाली, “मंग लगनाच्या वक्ती येत असतं, तं मले ‘नाई’ म्हनले असते का?”

बायकांमध्ये बावीस वर्षं हसत सांगितलेली गोष्ट होती ती. आता कुणी हसत नव्हतं. फुलचंदच्या तोंडात सवयीनं शब्द आला आणि त्याच्या लक्षात आलं, की तो इथं चालणार नाही. त्यानं तिच्या हाताकडं पाहिलं, तिच्या कपाळाकडं पाहिलं. घाटंजीकडचं ते अंगण आठवलं, न घेतलेली बकरी आठवली, भाजी वाढणारा हात आठवला. असा बराच वेळ गेला. तव्यावरून जळका वास यायला लागला, तरी भुरीबाईनं भाकर उलटली नाही.

“नाई,” फुलचंद म्हणाला. “म्हनलं नसतं.”

भुरीबाईनं मान वर केली. “इचार करून सांगून राह्यले, का तोंडाले आलं म्हनून?”

“इचार केला म्हनून तं भाकर जळली.”

तिनं तव्याकडं पाहिलं. खरंच, एका बाजूनं पार काळी झाली होती.

“सही हाय,” भुरीबाई म्हणाली, आणि ती भाकर त्याला न वाढता स्वतःच्या ताटात ठेवली.